खो द्या आणि बसा: जिंकणाऱ्या संघांच्या सवयी सोलापूरच्या कारखान्यात कशा रुजवाव्यात

खो-खोचा सामना बघताना नजर पळणाऱ्याच्या मागे जाते. संघ किती मुरलेला आहे हे मात्र पाटीवर बसलेल्या आठ जणांकडे बघून कळतं. टाचा उचललेल्या आहेत का, हात जमिनीला टेकून उठायच्या तयारीत आहेत का, पाठीमागे काय चाललंय त्याचा अंदाज कानाने घेतला जातोय का. हे आठजण झोपलेले असतील तर धावणारा कितीही वेगवान असो, समोरचे तीन बचावपटू त्याला दमवून टाकतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. हा आपल्या मातीतला खेळ आहे. नेतृत्वाचे धडे घ्यायला परदेशी कंपन्यांच्या गोष्टी शोधण्याआधी याच खेळाचे नियम नीट वाचावेत असं आमचं ठाम मत आहे.

दहा ते तीस माणसं हाताखाली असलेल्या कोणासाठीही हा लेख आहे. टॉवेल-चादरीचा कारखाना असेल, बेकरी असेल, नाहीतर गल्लीतलं कबड्डीचं मंडळ असेल. पण उदाहरण एकच धरून चालू, म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही. शाळेच्या गणवेशांचा बारा मशीनचा, अठरा माणसांचा कारखाना घ्या. कटिंग मास्तर, शिलाईवाले, ओव्हरलॉक, काज-बटण, धागे काढणाऱ्या बायका, इस्त्री, पॅकिंग. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून मे महिना म्हणजे अंतिम सामना. गड्ड्याची जत्रा (सोलापूरची सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली यात्रा) आटोपली की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. एप्रिल संपेपर्यंत बारा आठवडे मिळतात आणि तेवढे लागतातच. मेमध्ये सुरू केलं तर काहीही रुजणार नाही, कारण सामना चालू असताना सराव होत नाही.

पहिले दोन आठवडे: फक्त वही

एक शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा.

पहिल्या रकान्यात काम कुठे थांबलं आणि किती मिनिटं, ते लिहा. कॉलर तयार नाहीत म्हणून शिलाई थांबली, २५ मिनिटं. दुसऱ्या रकान्यात शंभर नगांमागे किती अल्टर (चुकल्यामुळे दुरुस्तीला परत आलेले नग) आले. तिसऱ्यात, चूक झाल्यापासून ती कोणीतरी तोंडाने सांगेपर्यंत किती वेळ गेला. चौथ्यात, अडचण आल्यावर माणूस कोणाकडे गेला.

दिवसभर पहारा करायची गरज नाही. सकाळचा पहिला अर्धा तास, जेवणाच्या सुट्टीच्या आधीची आणि नंतरची वीस मिनिटं, आणि संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास एवढं बघितलं तरी चित्र स्पष्ट होतं. या दिवसांत काही सुधारायला जाऊ नका. अपघाताचा धोका असेल किंवा गिऱ्हाइकाचा माल अडत असेल तेव्हाच मध्ये पडा.

चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा. त्यातून खरा कर्णधार कळतो. बऱ्याचदा तो मास्तर नसतो. काज-बटणावर बसणारी एखादी अक्का निघते, जिच्याकडे नवी मुलगी सुई मोडली तरी जाते आणि घरचं दुखणं सांगायलाही जाते. रकान्यात सगळीकडे तुमचंच नाव दिसत असेल तर कारखान्यातला सगळ्यांत मोठा अडथळा तुम्ही आहात. अठरा माणसं दिवसाला दोनदा जरी विचारायला आली तरी छत्तीस वेळा काम थांबलं.

इथे एक चूक हमखास होते. शेठ वही घेऊन फिरायला लागले की लोकांना वाटतं, दर कापणार. म्हणून पहिल्याच दिवशी वही उघडून सगळ्यांना दाखवा, काय लिहिणार ते सांगा, आणि पहिल्या तीन रकान्यांत कोणाचंही नाव लिहू नका. तिथे टप्प्याचं नाव येईल, माणसाचं नाही.

तिसरा आठवडा: तीन नियम आणि एक झाडू

न्यूझीलंडचा रग्बी संघ, ऑल ब्लॅक्स, सामना संपल्यावर आपली ड्रेसिंग रूम स्वतः झाडतो. त्यात संघातले सगळ्यांत नावाजलेले खेळाडूही हातात झाडू घेतात. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान बेल्जियमकडून ३-२ असा हरला. दोन गोलांची आघाडी हातातून गेली होती. तरी जाताना त्यांनी खोली लख्ख करून ठेवली आणि रशियन भाषेत 'धन्यवाद' लिहिलेली पाटी ठेवली. दुःखाच्या दिवशीही जी गोष्ट सुटत नाही तिलाच संघाची संस्कृती म्हणायचं.

नियम तीनच ठेवा. दहा केले की कोणालाच आठवत नाहीत. ते तुम्ही बसून लिहू नका. चार-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटाला अर्धा तास द्या आणि एकच प्रश्न विचारा: "कोणती गोष्ट रोज झाली तर तुमचं काम हलकं होईल?" पंधरा-वीस उत्तरं येतील. त्यातली तीन निवडताना प्रत्येक गोष्टीला तीन चाळण्या लावा. ती डोळ्यांनी दिसते का? दिवस संपताना 'झाली' किंवा 'नाही झाली' असं सांगता येतं का? आणि ती मालकालाही लागू होते का?

'सर्वांचा आदर ठेवा' हे पहिल्याच चाळणीत अडकतं. 'चिठ्ठीशिवाय बंडल पुढे जाणार नाही', 'चूक दिसली की पाच मिनिटांच्या आत सांगायची', 'निघताना आपली जागा आणि शेजारची जागा साफ' हे तिन्ही चाळण्यांतून पार होतं.

सोलापुरात एका गोष्टीची काळजी घ्यावीच लागते, ती भाषेची. एकाच छपराखाली मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं बसतात. मराठी सगळ्यांना समजतं असं धरून चालतो आपण. पण कामापुरतं समजणं वेगळं आणि नियम मनात उतरणं वेगळं. नियम ज्याच्या त्याच्या भाषेत, त्या भाषेतल्याच माणसाने तोंडी सांगावा. भिंतीवरचा कागद आठवणीपुरता. आणि सांगून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "मला सांगा बघू, उद्या काय करायचं?" असं विचारा.

झाडण्यासाठी शेवटची दहा मिनिटं कामाच्या वेळेतली द्या, सुटीनंतरची नको. दोघांची जोडी, रोज वेगळी. पुरुष, बायका, मास्तर, मालक सगळे यादीत. ही पाळी मोडते ती नेहमी एकाच पद्धतीने. दोन आठवड्यांनी बघितलं तर त्याच दोन बायका झाडत असतात आणि बाकीचे हात धुऊन निघालेले असतात. असं दिसलं त्याच दिवशी झाडू तुम्ही उचला आणि ज्याची पाळी आहे त्याला नावाने हाक मारा.

नियम मोडण्याचा दुसरा प्रकार मालकाकडून घडतो. घाईची ऑर्डर आली, शेठने स्वतःच बंडलमधून सहा शर्ट ओढून काढले, चिठ्ठीवर नोंद नाही. तो एक क्षण सगळे बघतात, आणि त्या दिवसापासून नियम फक्त कामगारांसाठी उरतो. असं घडलंच तर त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगा की चुकलं, आणि चिठ्ठी भरून टाका. लांबलचक माफी नको.

चौथा ते सातवा आठवडा: खो द्यायला शिकणं

चार आठवडे फक्त यालाच द्यायचे, कारण बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते हातात असताना नव्हे, हातातून हातात जाताना. वहीतला पहिला रकाना बघा. मिनिटं तिथेच सांडलेली दिसतील.

पारंपरिक खो-खोत आठजण पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो. खो देण्याचे नियम कडक आहेत. पाठीमागून, हाताने स्पर्श करून, आणि मोठ्याने 'खो' म्हणत. स्पर्श न करता नुसतं ओरडलं तर फाउल. स्पर्श आधी आणि शब्द रेंगाळला तरी फाउल. खो मिळायच्या आधी बसलेला उठला तरी फाउल. आणि खो दिल्यावर देणाऱ्याने लगेच त्याच जागी बसायचं. एकेक नियम कारखान्यात आणू.

*स्पर्श आणि आवाज, दोन्ही एकदम.* बंडल नुसतं टेबलावर आपटून जाणं म्हणजे स्पर्श आहे, आवाज नाही. "मास्तरने पाठवलंय, बघून घे" असं लांबून ओरडणं म्हणजे आवाज आहे, स्पर्श नाही. खो पूर्ण व्हायला तीन गोष्टी हव्यात: बंडल हातात, चिठ्ठी बंडलला, आणि तोंडी एक वाक्य. चिठ्ठीवर सहा गोष्टी असाव्यात: शाळा किंवा ऑर्डर, साइज, नगसंख्या, थान (कापडाचा गठ्ठा) क्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव. तोंडी वाक्य असं: "अठ्ठावीस साइज, वीस नग, थान सात." घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं आणि मोजायचं. वीस नग मोजायला अर्धा मिनिट पुरतो.

थान क्रमांक का, तर दोन थानांच्या रंगात हलका फरक असतो. एका थानाची बाही आणि दुसऱ्या थानाची पाठ एकत्र शिवली गेली की दिव्याखाली कळत नाही, शाळेच्या मैदानावर उन्हात कळतं. तो शर्ट उसवूनही वाचत नाही. आणि दोष कोणाचा यावर भांडण लागतं ते वेगळंच.

बंडल वीस नगांचं ठेवा. पन्नासचं केलं तर चूक सापडेपर्यंत पन्नास नग बिघडलेले असतात. दहाचं केलं तर चिठ्ठ्या लिहिण्यात दिवस जातो आणि आठवडाभरात लोक चिठ्ठी सोडून देतात.

*आधी उठायचं नाही.* उत्साही माणसं काम पूर्ण मिळायच्या आत सुरू करतात. कफ आलेत, बाह्या यायच्यात, तोवर थोडं जोडून ठेवतो, असं म्हणत. मग साइज बदलल्याचं कळतं. मात्र 'आधी उठू नको' म्हणजे रिकामं बसणंही नव्हे. पाटीवरचा खेळाडू उठलेला नसतो, पण तयार असतो. खो यायच्या आत करायच्या गोष्टी ठरवून द्या: बॉबिन भरलेली, सुई तपासलेली, रंगाचा दोरा लावलेला, टेबल मोकळं.

*दिशा.* शेजारी बसलेले खेळाडू उलटसुलट तोंड करून बसतात, त्यामुळे संघ दोन्ही बाजू एकाच वेळी बघू शकतो. पाठलाग करणारा एकदा दिशा धरली की मागे फिरू शकत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं. बचावपटू दुसऱ्या बाजूला निसटला तर उपाय एकच, तिकडे तोंड असलेल्याला खो देणं. कारखान्यात प्रत्येक मालक ही चूक करतो. गिऱ्हाइकाशी बोलण्यात तो तरबेज असतो, तरी मशीन बिघडलं की स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो आणि तास घालवतो. तुमचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते ओळखा. दुसऱ्या बाजूला कोणाचं तोंड आहे त्याचा कागद करा: मशीन कोणाकडे, रंग जुळवणं कोणाकडे, भांडण मिटवणं कोणाकडे, टेम्पोवाल्याशी बोलणं कोणाकडे. वेळ आली की त्याला खो.

*आणि मग बसायचं.* नेत्याला सगळ्यांत जड जाणारा नियम हाच. काम सोपवलं आणि मागोमाग स्वतःही धावत राहिला, तर मैदानात दोघं पळताहेत. खेळात पंच शिट्टी मारतो. कारखान्यात कोणी मारत नाही, म्हणून तो फाउल रोज चालतो. ज्याला काम दिलं तो दोन दिवसांत शिकतो की निर्णय घ्यायचा नाही, शेठ येतीलच. याला ठोस उपाय आहे. काम देतानाच तीन गोष्टी सांगा: कधीपर्यंत हवं, किती नुकसानीपर्यंतचा निर्णय तुझा तू घ्यायचा, आणि मी पुन्हा कधी विचारणार. "चार वाजेपर्यंत. दोन मीटर कापड वाया गेलं तरी चालेल, त्यापुढे गेलं तर मला सांग. मी दोन वाजता एकदा येईन." दोन वाजेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. पहिले पंधरा दिवस हे अंगावर येतं. वहीत शेवटी एक पान ठेवा आणि मधेच घुसलात की स्वतःसाठी एक रेघ मारा. रोजच्या रेघा कमी होतायत का तेवढं बघा.

सातव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या रकान्यातली मिनिटं पहिल्या आठवड्याशी ताडून बघा. कमी झाली नसतील तर पुढे जाऊ नका. बहुतेकदा एकाच जोडीत अडकलेलं असतं, आणि ती जोडी बहुधा कटिंग आणि शिलाई यांची असते. मास्तरला शिलाईच्या टेबलावर एक दिवस बसवा, बोलू नका, फक्त बंडल येताना त्याला बघू द्या.

चारजणांचा गट

ऑल ब्लॅक्सच्या प्रशिक्षकपदी ग्रॅहम हेन्री आल्यानंतर, २००४ पासून, त्यांनी ज्येष्ठ खेळाडूंचा नेतृत्वगट केला आणि शिस्तीपासून सामन्यातल्या निर्णयांपर्यंत बरीच जबाबदारी त्या गटाकडे सोपवली. कर्णधार एक, पण खांदे अनेक.

अठरा माणसांत चारजण पुरे. एक मास्तर, एक वहीच्या चौथ्या रकान्यातून निघालेलं नाव, एक सगळ्यांत नवख्यांपैकी, आणि एक पॅकिंगकडचं, कारण सगळ्यांच्या चुका शेवटी तिथेच पोचतात. आठवड्याला वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. त्यांना खरे निर्णय द्या: रजेची पाळी, जादा वेळ कोण थांबणार, चहाची वेळ, नव्या माणसाला कोण शिकवणार. "सूचना करा, मी बघतो" एवढंच असेल तर तिसऱ्या बैठकीला कोणी बोलणार नाही.

या गटाला खबऱ्या करू नका. कोण काय म्हणतंय हे त्यांच्याकडून एकदा जरी काढून घेतलंत तरी गट संपला. बाकीचे चौदाजण त्यांच्यासमोर गप्प होतील.

आठवा आणि नववा आठवडा: चूक झाल्यावर काय करायचं

डिसेंबर २०२०. ॲडलेड कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. विराट कोहली ठरल्याप्रमाणे मायदेशी परतला. पुढची कसोटी मेलबर्नला होती आणि कर्णधार होता अजिंक्य रहाणे. त्याने शतक ठोकलं, आणि ११२ वर असताना रवींद्र जडेजाच्या अर्धशतकी धावेच्या नादात तो धावबाद झाला. जाता जाता त्याने जडेजाच्या पाठीवर थाप दिली, खेळत राहा म्हणून. कर्णधाराने तिथे बॅट आपटली असती तर पुढचा तास जडेजा फलंदाजी करत बसला नसता, अपराध वागवत बसला असता. भारताने ती कसोटी आठ गडी राखून जिंकली.

चूक झाली त्या क्षणी पहिली दहा सेकंदं नेत्याची असतात. तेवढ्यात चेहऱ्यावर काय येतं त्यावरून पुढची चूक तुमच्यापर्यंत पोचेल की बंडलच्या तळाशी लपेल ते ठरतं. त्यामुळे पहिलं वाक्य पाठ करून ठेवा: "बरं झालं सांगितलंस. किती नग झालेत?" पहिल्या भागाने भीती जाते, दुसऱ्याने काम पुढे सरकतं. तिसरा रकाना आठवड्यागणिक बघा. चूक कळायला लागणारा वेळ कमी होत असेल तर अल्टरची संख्या सुरुवातीला वाढलेली दिसेल. घाबरू नका, त्या चुका आधीही होत होत्या, आता दिसू लागल्या आहेत.

आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांची उजळणी घ्या. उभ्यानेच, मशीन बंद करून. चार प्रश्न, याच क्रमाने: काय ठरलं होतं? काय झालं? फरक कशामुळे पडला? उद्या एक गोष्ट कोणती बदलायची? सगळ्यांत नवख्याने आधी बोलायचं, मालकाने सगळ्यांत शेवटी. मालक आधी बोलला की बाकीचे त्याचंच वाक्य फिरवून म्हणतात. शेवटी एकच बदल ठरतो आणि तो फळ्यावर लिहिला जातो. पाच बदल ठरवले तर एकही होत नाही.

'मास्तरने चुकीचं कापलं' असं वाक्य आलं तर थांबवा आणि 'कटिंगला साइजची चिठ्ठी उशिरा पोचली' या रूपात आणा. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण पहिल्या वाक्यावर उपाय म्हणजे मास्तरवर ओरडणं, आणि दुसऱ्यावर उपाय म्हणजे चिठ्ठी वेळेवर पाठवणं. एखादा माणूस खरोखरच कामचुकार असेल तर त्याच्याशी वेगळ्या खोलीत, त्याच दिवशी, समोरासमोर बोला. उजळणीत नको.

दहावा आणि अकरावा आठवडा: दडपण आधीच आणून बघणं

२००७ च्या रग्बी विश्वचषकात ऑल ब्लॅक्स जेतेपदाचे दावेदार होते आणि उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून २०-१८ असे हरले. दोन गुणांनी मागे असताना शेवटच्या मिनिटांत त्यांचे निर्णय विस्कटले. त्यानंतर मंडळाने प्रशिक्षक बदलला नाही, आणि संघाने दडपणाखाली डोकं थंड ठेवण्याचा सराव हा वेगळा विषय म्हणून घेतला. २०११ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा फ्रान्सच होतं. संघाचा मुख्य किकर डॅन कार्टर जखमी, त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड जखमी, तिसरा ॲरन क्रुडन अंतिम सामन्यातच जखमी. चौथा स्टीफन डोनाल्ड. संघात बोलावणं आलं तेव्हा तो नदीवर मासे धरत होता. त्याच्याच पेनल्टीने निर्णायक गुण मिळाले, आणि सामना ८-७ असा जिंकला.

यातून दोन कामं निघतात.

पहिलं काम: मोठा कागद घ्या, आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत कामं. प्रत्येक चौकोनात ० ते ३. शून्य म्हणजे येत नाही, १ म्हणजे कोणी जवळ उभं असेल तर येतं, २ म्हणजे एकट्याने येतं, ३ म्हणजे दुसऱ्याला शिकवता येतं. आता उभे रकाने बघा. ज्या कामात २ किंवा ३ मिळालेला एकच माणूस आहे, तिथे कारखाना एका तापावर टांगलेला आहे. साधारणपणे कटिंग आणि कॉलर ही दोन कामं निघतात. प्रत्येक कामाला निदान तीनजण २ वर आणा. मार्च-एप्रिलमध्ये रोज एक तास अदलाबदल केली तर कॉलर, काज-बटण, ओव्हरलॉक इथवर येता येतं. कटिंगला मात्र इतक्या दिवसांत दुसरा मास्तर तयार होत नाही. तिथे हेतू एवढाच ठेवा की मास्तर दोन दिवस नसेल तर मार्किंग करून ठेवलेले थर कोणीतरी न बिघडवता कापू शकेल.

गाबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये भारत तिथे जिंकला. त्या कसोटीत टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर पदार्पण करत होते. मुख्य गोलंदाजांची फळी दुखापतींनी रिकामी झाली होती. सुंदरने ६२ आणि शार्दूल ठाकूरने ६७ धावा केल्या. बाकावरचा माणूस संघाबरोबर महिनाभर सराव करत असेल, सगळ्या बैठकांना बसत असेल, तरच त्याला असं उतरवता येतं. मोसमापुरती माणसं तुम्ही मेच्या मध्यावर आणणार असाल तर एप्रिलमध्येच दोन दिवस बोलवा, मजुरी देऊन. तीन नियम, चिठ्ठी आणि खो त्यांना तेव्हाच कळू द्या.

दुसरं काम: बिघाडाची रंगीत तालीम. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' असते. गुण नाही मिळवला तर चढाईपटू बाद. चांगले संघ ही चढाई सरावात पुन्हा पुन्हा करतात, म्हणून सामन्यात तिचा धसका बसत नाही. तुमच्याकडे अशा चढाया कोणत्या? वीज चार तास गेली. मास्तर आला नाही. शाळेने आदल्या दिवशी साइजची यादी बदलली. इस्त्री बंद पडली. आठवड्याला एक, न सांगता, पण खऱ्या मालाला धोका नाही अशा दिवशी घ्या. सकाळी दहाला सांगा, "समजा आज वीज बारापर्यंत नाही. काय करायचं?" आणि तुम्ही गप्प राहा. पहिल्यांदा सगळे तुमच्याकडे बघतील. तिसऱ्यांदा अक्का उठून धागे काढायची आणि मोजायची कामं वाटायला लागेल. एवढं झालं की तालीम लागली म्हणायची.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो. दुपारी दोन ते चार या वेळात चुका वाढतात, वहीतही ते दिसेल. कॉलर आणि खिशासारखी बारीक कामं सकाळी घ्या, दुपारी पॅकिंग, मोजणी. पाण्याचा माठ दाराशी नको, मशीनच्या रांगेमध्ये ठेवा. लांब असला की माणूस उठत नाही.

पट्टीचा खेळाडू नियम मोडतो तेव्हा

सगळ्यांत जलद हात असलेला कारागीर चिठ्ठी लावत नाही, झाडायच्या वेळी निघून जातो, नव्या मुलाला टोमणे मारतो. मोसम तोंडावर आहे. बहुतेक मालक इथे डोळे मिटतात. मिटू नका, पण सगळ्यांसमोर अपमानही करू नका. एकट्यात बोला, तीन नियमांतला कोणता मोडला तेवढंच सांगा आणि आठवड्याची मुदत द्या. नाही बदललं तर त्याला वेगळं, सुट्या नगांचं काम द्या, जिथे खो द्यायचा-घ्यायचा नाही. त्याचा वेग वाया जात नाही आणि साखळी तुटत नाही. तरीही नाही जमलं, तर मार्चमध्येच निरोप द्या. मेमध्ये तो निरोप दोघांनाही महागात पडतो.

पैशाचा प्रश्न

नगावर मजुरी असेल तर माणूस आपले नग वाढवतो आणि घाईने खो देतो. पुढच्याच्या हातात अल्टर जातो, त्याचा पैसा बुडतो. नगाची मजुरी बंद करायची गरज नाही. तिच्या जोडीला गटाची छोटी बक्षिसी ठेवा: आठवड्यात अल्टर ठरलेल्या आकड्याच्या आत राहिले तर अठराही जणांना सारखी रक्कम, मालक सोडून. आकडा पहिल्या दोन आठवड्यांच्या सरासरीवरून काढा, मनाने ठरवू नका. रक्कम वेळेवर आणि रोख द्या. एकदा उधारी राहिली की पुढच्या आठवड्याच्या आकड्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

बारावा आठवडा: तीन दिवस तुम्ही नाही

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात. बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घातलेले मानकरी ते पेलतात, आणि पेलणारे वाटेत बदलतात. त्यासाठी यात्रेच्या कित्येक दिवस आधीपासून रात्री सराव चालतो. दुसऱ्याच्या हाती देताना काठीचा तोल कसा राहतो, हे त्याच सरावात अंगी भिनतं.

एप्रिलच्या शेवटी तीन दिवस कारखान्यात जाऊ नका. आठवडाभर आधी सांगा. चारजणांच्या गटाला किल्ली, किरकोळ खर्चाला ठरलेली रक्कम, आणि एका कागदावर दोनच गोष्टी द्या: कोणत्या प्रसंगी फोन करायचा (आग, अपघात, पोलीस, गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द करणं), आणि बाकी कोणत्याही प्रसंगी करायचा नाही. वही मास्तरकडे. तुम्हीही फोन करायचा नाही, "सहज विचारलं" म्हणूनही नाही.

चौथ्या दिवशी आत गेल्यावर आधी वही बघा. अल्टर किती, काम कुठे थांबलं, चूक किती वेळात बाहेर आली. मग कचऱ्याची बादली रिकामी आहे का ते बघा, आणि कोणत्या बंडलला चिठ्ठी नाही ते. त्या दिवशी काहीही बदलू नका, कोणाला काही शिकवू नका. संध्याकाळच्या उजळणीत सगळ्यांत शेवटी बोला, आणि त्या दिवशी झाडायची पाळी तुमची लावून घ्या.